धोंड्याच्या महिन्यातलं घर

हातखंब्याच्या अलीकडे आमची बारा घरांची वाडी. कोणी गावाच्या एकीच्या गोष्टी सांगायला लागला, की मला आमची हौसा आठवते, आणि स्वतःचा रागही येतो.

हौसाचा नवरा मुंबईत वारला. मागे राहिलेलं कुडाचं घर एका पावसाळ्यात बसलं. जागा दिराची, त्याने पुन्हा उभारू दिलं नाही. तेव्हा वाडीने देवळात बसून वर्षाचे महिने वाटून घेतले. बारा घरं, प्रत्येकाकडे हौसा एकेक महिना. आमच्याकडे ती मार्गशीर्षात यायची. पडवीत बोचकं ठेवलं, की दुसऱ्या दिवसापासून आईचं तिच्यावाचून पान हलायचं नाही. तिच्या हातचं कुळथाचं पिठलं अजून जिभेवर आहे. काय दिवस होते ते!

अधिक महिना आला की मात्र पंचाईत. तेरावा महिना कोणाचा? त्यात धोंड्याचं वाण घ्यायला घरोघरी लेकी-जावई आलेले. मग हौसा तेवढा महिना वाडीतल्याच महिपतच्या आंब्याच्या कलमांतल्या मांगरात राहायची, गवत-लाकडं ठेवायच्या खोपटात. आम्हाला वाईट वाटायचं. ताट तेवढं पोचवायचो.

शहाऐंशी साली रत्नागिरीहून एक साहेब आले. बेघर कोणाला म्हणायचं हे कचेरीत बसून ठरवण्यापेक्षा वाड्यावाड्यांनी सांगावं, त्यावरून जिल्ह्याचा नियम आणि घरकुलांची यादी करू, असं त्यांचं म्हणणं. वाडीचा कागद लिहायचा मान माझा. मी शहाणा! ‘निरंक’ लिहून मोकळा झालो. वर शाळेतल्या सभेत छाती काढून सांगितलं, की आमच्यात बेघर कोणी नाही, एक होती तिला बारा घरं आहेत. टाळ्या पडल्या. साहेब सही करणार, इतक्यात मागे बायकांत बसलेली हौसा उठली.

“साहेब, ह्यांनी मला कधी उपाशी ठेवलं न्हाय. पण गेल्या धोंड्यात मी मांगरात होते. गळत होतं, तरी सुख लागलं. तिथं मला आतनं कडी लावता येत होती.”

माझा पारा चढला. एवढं केलं त्याचे हे पांग फेडले, म्हणून बोलायला उठलो, तर आईनेच दटावलं, “विठू, खाली बस.” साहेबांनी कागद माझ्याकडे परत सरकवला आणि वाडीने विचार करून पुन्हा लिहावं, असं सांगितलं. तासभर वादावादी झाली. शेवटी मी ‘निरंक’ खोडलं आणि लिहिलं, दुसऱ्यांच्या घरी महिने वाटून राहणारं माणूसही बेघरच. खाली हौसाचं नाव. ते वाक्य पुढे जिल्ह्याच्या नियमात जसंच्या तसं आलं.

दुसऱ्या वर्षी घर झालं. जागा महिपतने दिली, कलमांच्या कडेला. एक खोली, वर कौलं. मार्गशीर्ष लागला तशी आईने सवयीने पडवी सारवली, हौसाची वाकळ उन्हात घातली. हौसा आलीही, पण बोचक्याशिवाय. म्हणाली, “म्हैना तुमचाच हाय. दुपारी माज्याकडं जेवायला या.”

आम्ही सगळे गेलो. भात आणि कुळथाचं पिठलं. आई जेवता जेवता रडली. हात धुऊन मी भिंतीला ऐसपैस टेकलो, तशी हौसा म्हणाली, “आता निघा भावजी, मला जरा पडायचंय.”

आम्ही अंगणात उतरलो आणि मागे आतून कडी लागली. जन्मात कोणी घराबाहेर काढल्याचा मला एवढा आनंद झाला नाही.