पुढच्या चाकांतलं शिसं

हातात काहीही आलं की तो आधी ते तळहातावर झुलवून बघायचा. चहाचा कप असो की माझा मोबाइल. "वजन कुठं हाय ते पाह्य आधी," हे ठरलेलं. सडक अर्जुनीला हायवेवर तुम्ही कधी हवा भरायला थांबला असाल, तर पाहिलंच असेल त्याला. स्टुलावर बसलेला, एक पाय गुडघ्याखाली नाही.

आधी तो ट्रक चालवायचा. अपघातात पाय गेला, मग माझ्या मोबाइल दुरुस्तीच्या दुकानाशेजारी त्याने टायरचं दुकान टाकलं. गाव चिचगडकडचं. त्यांच्या घरी नवं धान आधी खडकावरच्या देवाला, मग ताटात. आधी हाच चढून वाहायचा, पाय गेल्यापासून याचा भाऊ वाहायचा, पोरं नवा भात खायची आणि हा बसायचा रेशनचा गिळत. "माह्या हातचं नाही गेलं, तं मी कायले खाऊ?" खांद्यावर बसवून नेतो म्हटलं, तर शिव्या. असा राग यायचा मला त्याचा!

माझ्या पोरीची एक रिमोटची गाडी होती, मोठ्या चाकांची, दगडावर चढणारी. तिचं मन भरलं आणि गाडी दुकानात पडून राहिली. याने ती झुलवून बघितली. "मले दे."

मग काय, रोज गिट्टीच्या ढिगावर तमाशा. ट्रकवाल्याचं डोकं, सगळं वजन मागे टाकलं. चढ आला की गाडी तोंड वर करून उताणी.

"अबे, हा ट्रक नोहे," मी म्हणालो.

"माल भरला का ट्रकचं मागचं चाक जमीन धरते. हिचं काऊन नाही धरत?"

दोन दिवस गेले. मग चाक बॅलन्स करायच्या शिशाच्या पट्ट्या त्याने पुढच्या दोन चाकांच्या आत चिकटवल्या. गाडी डुलत डुलत चढली. "चढून राहिली ना बे!" टपावर धानाची पुरचुंडी बांधली तर पुन्हा कलंडली, तीही मग खाली, पोटाशी बांधली.

नवं धान आलं तेव्हा मीही त्याच्या गावी गेलो. हा खडकाच्या पायथ्याशी बाजेवर, हातात रिमोट. गाडी दोनदा घसरली, माझाच जीव वरखाली. शेवटी धान घेऊन देवापाशी पोचली. वरून म्हातारा पुजारी ओरडला, "कोण चालवून राहिलं?"

"मी!"

"मंग हात तुहाच होय."

तो जाऊनही आता वर्षं झाली, पण त्या दिवशीचं जेवण माझ्या डोळ्यांपुढून हलत नाही. त्याने पहिला घास उचलला. बायकोने स्वतःच्या ताटातही नवा भात वाढून घेतला आणि ताटाकडे बघतच राहिली.

"वहिनी, तुम्ही तर दरवर्षी खाता," मी म्हणालो.

"मी कधी खाल्ला, भाऊ? हे खात नोहते, तं मी कशी खाऊ?"

त्याचा घास हातातच राहिला.