अर्ध्या दराचं म्हैसूर

आमच्या मावशीच्या यजमानांनी अर्धा हिंदुस्थान पाहिला, पण तो सगळा सामसूम असताना. ज्या गावाला शहाणी माणसं जानेवारीत जातात, तिथं आमचे काका मे महिन्यात हजर. जयपूर त्यांनी भर उन्हाळ्यात पाहिलं आणि कलकत्ता ऐन पावसाळ्यात, गुडघाभर पाण्यातून. लोक सीझनमध्ये का जातात हे कोडं त्यांना कधी सुटलं नाही. तेच गाव, त्याच भिंती, मग दुप्पट पैसे कशाचे, गर्दीचे? आल्यावर मुलुंडच्या दोन खोल्यांत सगळ्यांना बसवून फोटो दाखवायचे आणि वर म्हणायचे, बघा, आमच्या फोटोत आमच्याशिवाय कुणी नाही. खरंच नसायचं. जयपूरच्या फोटोत तर मावशीसुद्धा नाही. ती बिचारी ऊन लागून खोलीवर झोपली होती.

ठाण्याच्या एका कारखान्यात स्टोअर्स सांभाळायचे काका. नटबोल्ट मोजून आयुष्य गेलेलं, त्यामुळे सहलही ते मोजूनच काढत. धर्मशाळेत राहायचं नाही, कारण आपण काही अगदी गेलेले नाही. मोठ्या हॉटेलात जायचं नाही, कारण आपण काही आलेलेही नाही. मधलं हॉटेल हवं. पंखा, खिडकी, सकाळी एक बादली गरम पाणी. अशा तीन हॉटेलांना ते जोडकार्डं पाठवत, म्हणजे उत्तराचं कोरं कार्ड आपल्याच पैशानं जोडलेली. या दिवसांत आपल्याकडे कुणीही फिरकत नसणार हे आम्ही जाणतो, अशी सुरुवात. पहिल्याचा दर दुसऱ्याला कळवायचा, दुसऱ्याचा तिसऱ्याला, आणि शेवटी पहिलाच कंटाळून अर्ध्यावर यायचा.

निघायच्या आदल्या दिवशी सामानाचं वजन. हे कुठं, तर कोपऱ्यावरच्या रद्दीवाल्याकडे. एकदा मी बरोबर होते. काकांनी बॅगा, होल्डॉल, फिरकीचा तांब्या सगळं त्याच्या काट्यावर ठेवलं. त्यानं वजन सांगितलं आणि शांतपणे भाव सांगायला लागला. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. काकांनी मात्र भाव नीट ऐकून घेतला.

पण खरी कमाल होती ती बंडी. मावशीनं हातानं शिवलेली, चार खिशांची. राहणं, खाणं, फिरणं आणि अचानक. एका खिशातला पैसा दुसऱ्याला द्यायचा नाही, हा कायदा. जयपूरला तिसऱ्या दिवशी खाण्याचा खिसा रिकामा झाला आणि फिरण्याचा भरलेला राहिला, तर या माणसानं मावशीला उपाशीपोटी टांग्यातून गावभर फिरवलं, दोनदा! ‘अचानक’च्या खिशाला सेफ्टीपिन असे आणि ती कधी निघत नसे. कलकत्त्याला काकांना सणसणून ताप भरला. मावशी म्हणाली, आता तरी पिन काढा, डॉक्टर आणू. तर काका ग्लानीत म्हणतात, कालपासून कणकण होती, मग हे अचानक कसं?

असल्या माणसाबरोबर मी म्हैसूरला गेले. मला काही प्रेमानं नेलं नव्हतं. तिघांची खोली घेतली की माणशी खर्च कमी पडतो, म्हणून भाचीची आठवण झाली. मी तेव्हा घाटकोपरला एका ऑफिसात टायपिस्ट होते, बिनलग्नाची, आणि रजा शिल्लक होती. बस्स, एवढ्यावर माझी निवड.

एक गोष्ट मात्र वेगळी होती. वीस वर्षांत पहिल्यांदा काकांनी मावशीला विचारलं होतं, तुला कुठं जायचंय. आणि मावशीनं क्षणाचाही विचार न करता म्हैसूर सांगितलं होतं. लग्नाआधी तिच्या माहेरी एक कॅलेंडर होतं, त्यावर म्हैसूरचा राजवाडा, दिव्यांनी नखशिखान्त पेटलेला. वर्ष संपलं तरी तिनं ते उतरवू दिलं नव्हतं म्हणे. ते दिवे तिला बघायचे होते. दुसरं काही म्हणजे काही नको होतं.

जुलै महिना. आम्ही सोमवारी पोचलो. राजवाडा पाहिला, टेकडीवरची देवी झाली, बाग झाली. संध्याकाळ झाली की मावशी साडी बदलून खिडकीशी बसायची, आणि राजवाड्याच्या बाजूला काळोख. दोन दिवस तिनं वाट पाहिली. तिसऱ्या दिवशी खाली जाऊन मॅनेजरला विचारलं. तो म्हणाला, दिवे फक्त रविवारी लागतात.

आमची परतीची तिकिटं शनिवारची होती. का, तर रविवारी हॉटेलचा दर वाढतो! जोडकार्डात तसं स्पष्ट लिहिलं होतं, आणि काकांनी मोठ्या हुशारीनं सोमवार ते शनिवार असा मुक्काम बसवला होता. रविवारी दर का वाढतो, हे त्यांनी कुणाला विचारलंच नव्हतं. मी बोलायचं ते बोलले. भाचीनं बोलू नये इतकं बोलले. मावशी साडीची घडी घालत राहिली, त्याचीच मला भीती वाटली.

शनिवारी सकाळी काकांनी होल्डॉलचे पट्टे आवळले. मी बॅग उचलली. मावशी खाटेवर बसून राहिली.

काका मनातून हलले की मालवणीवर येत. दारात उभे राहून हळू आवाजात म्हणाले, “गो, गाडी चुकतली.”

“चुकांदे,” मावशी म्हणाली.

एवढंच. आवाज चढला नाही, डोळ्यांत पाणी नाही. काकांनी होल्डॉल खाली ठेवला. मग त्यांनी शर्टाची बटणं काढली, बंडीत हात घातला आणि सेफ्टीपिन काढली. जुनी झालेली, गंजून बसलेली; चांगली दोन मिनिटं लागली. मी मदतीला गेले तर खेकसले माझ्यावर.

रविवारी आम्ही राजवाड्यासमोर चिखलात वर्तमानपत्र पसरून बसलो. आणि एकदम, एका क्षणात, सगळा राजवाडा उजळला. मावशीनं दोन्ही हात तोंडावर ठेवले. काकांनी थोडा वेळ धीर धरला, मग म्हणाले, महिन्याला बिल किती येत असेल? मावशी म्हणाली, गप्प बसा हो जरा. आणि ते खरंच गप्प बसले. मी पाहिलं तेव्हा ते दिव्यांकडे बघत नव्हते, मावशीकडे बघत होते. परतीला आम्ही रिझर्व्हेशनशिवाय, होल्डॉलवर बसून आलो. माझी पाठ कामातून गेली, पण काकांनी कुरकुर केली नाही.

पुढच्या वर्षी त्यांनी कुणालाही न सांगता म्हैसूरला पत्र टाकलं. ऐन दसऱ्यातली खोली, पुऱ्या दरानं, आगाऊ पैसे भरून. घासाघीस केली नाही. मावशीला सांगितलं तेव्हा मी तिथंच होते. मावशीनं दर विचारला आणि कपाळाला हात लावला. म्हणाली, एवढ्या पैशात आपली दोन गावं होतील हो. आणि दिवे काय, मी बघितलेत की!

काकांनी वाद घातला नाही. खोली रद्द केली. महिन्याभरानं पैसे मनिऑर्डरनं परत आले, पैन् पै. काकांनी सही केली, नोटा मोजल्या. मावशीनं आतून विचारलं, सगळे आले का? ते म्हणाले, आले. मग नोटा तशाच टेबलावर ठेवून ते गॅलरीत जाऊन उभे राहिले. चहा झाला म्हणून मी हाक मारली, तरी वळले नाहीत. पैसे वाचले म्हणून या माणसाचं तोंड उतरलेलं मी तेवढं एकदाच पाहिलं.