समाजशास्त्राची खोली का तांदळाची?

किस्से कुणी मुद्दाम गोळा करत नाही. शाळेच्या कोपऱ्यात खडूची भुकटी साचते तसे ते साचतात. झाडायला जावं तर झाडू हातातच राहतो अन् माणूस एकटाच हसत उभा!

मी शाळेत शिकलो नाही, पण उभा जन्म शाळेत गेला. घंटा दिली, पाणी भरलं, खोल्या उघडल्या, लावल्या. रिटायर झालो तरी एका खोलीची चावी माझ्याकडंच राहिली. सगळे मला मामा म्हणतात. मी सांगतो अन् नात लिहून घेते. मधेच तिला हसू फुटलं की मी थांबतो. थांबायची मला सवय आहे.

तर त्या एका खोलीचे हे किस्से.

*

आमची शाळा जिंतूर तालुक्यात, येलदरीच्या अलीकडं. रमा मॅडम बदली होऊन आल्या अन् आल्या आल्या त्यांनी हेडमास्तरांकडं एक रिकामी खोली मागितली. आसपासच्या दहा-बारा शाळांचं मिळून आमचं एक केंद्र आहे. त्या सगळ्या शाळांत समाजशास्त्र, म्हणजे इतिहास-भूगोल-नागरिकशास्त्र, शिकवणाऱ्यांनी महिन्यातून एका शनिवारी इथं जमायचं. एकमेकांना धडा शिकवून दाखवायचा, तक्ते-नकाशे करायचे अन् ज्याला जे लागेल ते त्यानं आपल्या शाळेत न्यायचं. सक्ती कुणालाच नाही.

केंद्रप्रमुख साहेब म्हणाले, "मॅडम, समाजशास्त्राला खोली कशाला? पुस्तक वाचायचं, पोरांनी ऐकायचं! मला तांदळाला जागा पाहिजे."

साहेबांचंही खोटं नव्हतं. पोरांच्या खिचडीचा तांदूळ ठेवायला शाळेत जागा नव्हती. सगळी पोती हेडमास्तरांच्या खोलीत. पलीकडं हेडमास्तर बसले की दारातून त्यांचं नुसतं टक्कल दिसायचं.

शेवटी साहेबांनी तोड काढली. "दिवाळीपर्यंत बघतो. शिक्षक आपल्या मनानं यायला लागले तर खोली तुमची. न्हाईतर तांदळाची."

पहिल्या शनिवारी तिघं आले. त्यातले गव्हाणे सर गणिताचे. ते खोली चुकले होते!

उठून जाणार, तोवर मी चहा ओतला होता. सर म्हणाले, "आता ओतलाच हाय तर बसतो." ते जे बसले ते आजपर्यंत उठले नाहीत.

*

दुसऱ्या बैठकीला मॅडमनी ठरवलं, मैदानात जिल्ह्याचा मोठ्ठा नकाशा काढायचा. पोरांनी त्याच्यावर चालावं, या गावातून त्या गावात जावं. गव्हाणे सर गणिताचे, त्यामुळं दोरी, खुंट्या, मापं सगळं त्यांच्याकडं. पुस्तक हातात धरून ते ओरडायचे अन् बाकीचे चुना टाकायचे. दुपारभर खपून जिल्हा काढला. पूर्णा नदी तर अशी वळवली की बघत राहावं!

मॅडम म्हणाल्या, "आता परभणीवर उभं राहून येलदरीकडं तोंड करा."

सगळ्यांनी तोंड केलं ते धरणाच्या बरोबर उलट्या दिशेला! गावातलं शेंबडं पोरगंही सांगेल की धरण कुठं आहे. झालं असं होतं, की पुस्तकातल्या नकाशात उत्तर दिशा वरच्या बाजूला असते. सरांनी वरची बाजू म्हणून झेंड्याचा खांब धरला. खांब आमचा दक्षिणेला!

गव्हाणे सरांनी मोबाईलमधलं होकायंत्र काढलं. नकाशाकडं बघितलं, झेंड्याकडं बघितलं, मग हळूच मला म्हणाले, "मामा, शाळा फिरवता येती का हो?"

पुसायला मी झाडू आणला, तर मॅडमनी अडवलं. "राहू द्या मामा. सोमवारी सहावीला विचारते, यात काय चुकलंय."

सोमवारी सहावीनं त्या नकाशावर इतका कालवा केला की हेडमास्तर पोत्यांआडून बाहेर आले. दिशा कधी कुणाला आली नव्हती ती त्या दिवशी सगळ्यांना आली.

पुढच्या आठवड्यात बोरीकडच्या एका सरांचा गव्हाणे सरांना फोन. "सर, तो चुकीचा नकाशा कसा काढायचा ते जरा सांगता का? आमचा बरोबरच येऊ लागलाय!"

ते सर पुढच्या शनिवारी स्वतःच आले. येताना अजून दोघांना घेऊन आले.

*

मग मॅडमनी पोरांना सांगितलं, घरातल्या जुन्या वस्तू आणा, आपण मांडून ठेवू. कंदील आला, पितळी अडकित्ता आला, निजामाच्या काळातली दोन नाणी आली. पाचवीतल्या दोघी बहिणींनी सायकलवर घालून पाटा-वरवंटा आणला. मॅडमनी सुरेख अक्षरात चिठ्ठी लावली, "जुन्या काळातील वस्तू."

चार वाजता त्या पोरींची आजी दारात उभी. पदर खोचलेला, हात कमरेवर.

"कोण म्हन्लं हे जुनं? सकाळी मी यावर चटणी वाटली हाय! अन् आता माझं वाटण अडलंय, त्याचं काय?"

मॅडम गडबडल्या. "आजी, पोरींनी विचारलं नव्हतं का?"

"इचारलं असतं तर दिला असता का मी?"

आम्ही पाटा उचलून दिला. मॅडमनी चिठ्ठी काढून दुसरी लिहिली, "रोजच्या वापरातील वस्तू." आजीनं नातीकडून ती वाचून घेतली.  मग म्हणाली, "शुक्रवारी आणून देते. पण मी संगं येनार. तुमच्या पोरायला पाट्याला छिन्नीनं टाकी लावायची ठाव न्हाई, उगं हात लावत्याल."

आता दर शुक्रवारी इतिहास चालत येतो अन् संध्याकाळी चालत घरी जातो!

*

वऱ्हांड्यात मॅडमनी एक दोरी बांधली होती. तिला चिमट्यांनी चिठ्ठ्या लावायच्या, काय आधी घडलं अन् काय नंतर, ते पोरांना डोळ्यांनी दिसावं म्हणून. एका टोकाला सातवाहन, मग यादव, मग निजाम. पुढं आपला मराठवाडा मोकळा झाला ते, त्याच्या पुढं महाराष्ट्र झाला ते.

खिचडी शिजवणाऱ्या सखू मावशींना आयती दोरी दिसली. चिमटेसुद्धा होते! त्यांनी धुतलेला फडका वाळत घातला अन् त्या घरी गेल्या.

नेमके त्याच दिवशी केंद्रप्रमुख साहेब आले. दोरी बघून त्यांनी सातवीच्या एका पोरीला विचारलं, "सांग बरं, मराठवाडा मुक्त झाला, त्याच्यानंतर काय?"

पोरीनं दोरीकडं बघितलं. "मावशीचा फडका, सर!"

सगळा वर्ग फिदीफिदी. साहेबांच्या कपाळाला आठी. मॅडम मात्र शांत. म्हणाल्या, "बरोबर आहे तिचं. तेव्हाही कुणीतरी रांधतच होतं, साहेब. पुस्तकात तेवढं यायचं राहिलं."

साहेबांनी दोरी पुन्हा एकदा या टोकापासून त्या टोकापर्यंत बघितली. जाताना मला म्हणाले, "मामा, मॅडमचं डोकं तेज हाय. पण तांदळाचं काय करू?"

मावशींना हे कळलं तेव्हा त्या लाजून लाल झाल्या. पण फडका काढला नाही. अजून तिथंच वाळतो.

*

मधे वरून एक मोबाईलवरचं प्रशिक्षण आलं. शिक्षकांनी व्हिडिओ बघायचे, शेवटपर्यंत बघितल्याशिवाय पुढचा उघडत नाही. आमच्या शाळेत रेंज म्हणजे आली तर आली. म्हणून सगळे शनिवारी माळावरच्या पळसाखाली जाऊन बसले. माना खाली, हातात मोबाईल. कुणाचा "नमस्कार" चालू, कुणाचं "धन्यवाद" झालेलं!

गावातला एक जण म्हशी घेऊन निघाला होता. हे बघून थांबला.

"काय सर, उपोषण हाय का?"

"न्हाई हो, प्रशिक्षण हाय."

"असं व्हय. मागन्या काय हायत मग?"

गव्हाणे सर मान वर न करता म्हणाले, "रेंज!"

व्हिडिओ संपले. मॅडमनी विचारलं, "यातलं सोमवारी वर्गात काय कराल?" सगळे एकमेकांकडं बघू लागले. मग एक बाई म्हणाल्या, "यातलं ठाऊक न्हाई, पण मी परवा पोरायला गावातल्या गल्ल्यांची नावं कशी पडली ते शोधायला लावलं, ते सांगू का?" झालं! प्रत्येकाकडं काहीतरी होतं, फक्त आजवर कुणी विचारलं नव्हतं. म्हशी चरून परत आल्या तरी हे बसलेलेच.

*

नागरिकशास्त्रासाठी मॅडमनी खोट्या ग्रामसभेचा सराव घेतला. शिक्षकच गावकरी. सरपंच गव्हाणे सर. सर एकदा सरपंच झाले ते झालेच! जेवायच्या सुट्टीतही "ठराव मांडा, मग भाकर वाढा" म्हणायला लागले.

दार उघडं होतं. बाहेरून जाणारा एक माणूस आत आला अन् तक्रार करून गेला, की खालच्या गल्लीचा नळ महिनाभर गळतोय. सरांनी टेबलावर हात आपटून विचारलं, "याला जबाबदार कोण?"

दारातून आवाज आला, "मी."

बघतो तर खऱ्या सरपंच ताई! गलका ऐकून आल्या होत्या. सर ताडकन उठले. ताई म्हणाल्या, "बसा सर, बसा. मी खरी हाय, पन मला इतकं कुनी बोलू देत न्हाई. मालकच बोलत्यात."

मॅडमनी खुर्ची ताईंच्या पुढं केली. बाकीची ग्रामसभा ताईंनी चालवली. खोटीच होती, पण ताईंनी चालवली.

पुढच्या खऱ्या ग्रामसभेला मी मागं उभा होतो. नळाचा विषय निघाला अन् ताईंचे मालक बोलायला उठले. ताईंनी टेबलावर हात आपटला, अगदी गव्हाणे सरांसारखा! मालक खाली बसले. आठवड्यात नळ दुरुस्त झाला.

*

दिवाळीच्या आधीचा शेवटचा शनिवार. साहेब निकाल द्यायला येणार होते. सकाळपासून मॅडमचा चेहरा उतरलेला. खोली झाडताना मी मनात म्हणत होतो, पुढच्या शनिवारी इथं काय झाडीन, तांदळाची कणी का खडू?

साहेब आले, ते तांदळाचा टेम्पो घेऊनच!

पण आत पाय ठेवायला जागा नव्हती. दाराबाहेर चपलांचा ढीग. त्या दिवशी निवडणुकीच्या धड्याचा सराव होता अन् सगळ्या केंद्रातले शिक्षक आले होते. मतदानाचा विषय मॅडमनीच ठरवला होता, ही खोली कुणाची. एका चिठ्ठीवर दोन चित्रं, नकाशा अन् पोतं. पाहिजे त्याच्यावर फुली मारायची. कपाटाच्या मागं मतदान, तेलाचा रिकामा डबा ही पेटी.

साहेब म्हणाले, "मॅडम, टेम्पो थांबलाय."

मॅडम म्हणाल्या, "साहेब, खोली केंद्राची. केंद्रात पहिलं नाव तुमचं. रांगेत या."

साहेब रांगेत उभे राहिले. पुढं सखू मावशी, मागं मी. रांग हळूहळू सरकत होती. साहेब भिंतीवरचे तक्ते वाचत होते. कंदिलाची काच त्यांनी वर-खाली करून बघितली. निजामाचं नाणं उचलून उजेडाला धरलं.

टेबलाशी गव्हाणे सर. आमच्या शिक्षकांनी इतक्या निवडणुकांची कामं केलीत की खोटं मतदानही त्यांना खऱ्यासारखंच जमतं, दुसरं कसं करायचं ते ठाऊकच नाही.

"ओळखपत्र?" सर म्हणाले.

"अहो गव्हाणे, मला ओळखत न्हाई का तुमी?"

"ओळखतो ना, साहेब. ओळखपत्र?"

मागून कुणीतरी खोकलं. साहेबांनी पाकिटातून कार्ड काढलं. सरांनी ते दोन्ही बाजूंनी बघितलं, मग साहेबांच्या बोटाला शाई लावली अन् चिठ्ठी दिली.

साहेब कपाटामागं गेले. लय वेळ आले नाहीत. बाहेर टेम्पोवाला हॉर्न वाजवायचा, आत कुणी हलायचं नाही. मग डब्यात चिठ्ठी पडल्याचा आवाज आला.

माझं झालं अन् मतदान संपलं. सरांनी सगळ्यांसमोर डबा पालथा केला. एकेक चिठ्ठी उघडून वर धरायची अन् मोठ्यानं सांगायचं.

"नकाशा. नकाशा. नकाशा..."

मॅडम डोळे मिटून उभ्या होत्या. मावशी बोटं मोडत होत्या. सरांनी शेवटची चिठ्ठी उघडली, डब्यात पुन्हा एकदा वाकून बघितलं अन् म्हणाले, "नकाशाला सगळी. पोत्याला एकही न्हाई."

कुणी टाळी वाजवली नाही. सगळे हळूहळू साहेबांकडं बघायला लागले.

तेवढ्यात टेम्पोवाल्यानं दारातून मान घातली. "सायब, पोती हितंच उतरवायची ना?"

साहेबांनी शाईचं बोट खिशात घातलं.

"मॅडम," ते म्हणाले, "मतदान गुप्त असतंय ना?"