तुपातली काडतुसं आणि काळूकाठचा कोल्हा

आंबिवलीला कोणी हौसेने जात नाही. आम्ही गेलो, कारण गोदाच्या मामांना कोल्हा चावला होता. गोदा म्हणजे माझी बायको. मामा पेन्शन घेतलेले शाळामास्तर. नोकरी संपल्यावर त्यांनी काळू नदीच्या वाळूत कलिंगडं लावायला घेतली आणि शाळेतल्यापेक्षा जास्त ओरडायला लागले, कारण कलिंगडं पिकली की कोल्हे येतात. होळीनंतर एका संध्याकाळी मामा राखणीला गेले, तर वेलांत तोंड घालून बसलेल्या कोल्ह्यावर त्यांचा पाय पडला. कोल्ह्याने पोटरीला कडकडून चावा घेतला. मामांनी काठी हाणली, ती त्याच्या पुढच्या पायावर बसली. दोघेही लंगडत आपापल्या घरी गेले.

पण गावात कोणीतरी तो कोल्हा नंतर झोकांड्या खात चालताना पाहिला आणि पिसाळलेला ठरवून टाकला. आता पिसाळलेल्या जनावराच्या चाव्याने काय होतं ते सांगायला नको. माणूस पाणी बघून थरथरतो आणि जातो. भाजी घेऊन ठाण्याला येणाऱ्या माणसाबरोबर आम्हाला मामांचा निरोप आला: जावईबापूंना बंदूक घेऊन पाठवा, माझ्या आधी तो गेला पाहिजे.

गोदा दोन दिवस रडली आणि तिसऱ्या दिवशी काडतुसं भरायला बसली.

बंदुकीबद्दल थोडं सांगतो, कारण ठाण्यात टेंभी नाक्यावर मला भेटणारा प्रत्येक जण तेच विचारतो. मी वकिलाकडे कारकून. एका साहेबाने विलायतेला परत जाताना सामान लिलावात काढलं, त्यात ही छोटी रायफल मला मिळाली. विलायतेत म्हणे शेतातले कावळे मारायला वापरतात. नळी बोरूएवढी बारीक, गोळी हलकी, तिच्यामागे दारू मात्र भरपूर. त्यामुळे गोळी जोरात आणि सरळ जाते. मोठ्या बंदुकीसारखं लांबच्या नेमाला वर उचलून धरावं लागत नाही. रीतसर परवाना आहे. मी आजवर तिने एक घूस मारली आहे आणि एक शेजाऱ्यांचा रांजण.

विलायती काडतुसं महाग, म्हणून वापरलेली पितळी पुंगळी आम्ही घरीच पुन्हा भरतो. बुडातली ठिणगी पाडणारी जुनी टोपी टोचून काढायची, नवी दाबून बसवायची, मापाने दारू ओतायची, वर पुठ्ठ्याची चकती, आणि मग साच्यात ओतलेली शिशाची गोळी. हे सगळं गोदा करते. माझा हात दारू मोजताना थरथरतो आणि तिचा मीठ मोजतानाही थरथरत नाही. राहिला एकच प्रश्न. गोळीला बाहेरून वंगण लावावं लागतं, नाहीतर शिसं नळीला आतून चिकटून बसतं. साहेब लोक चरबी लावतात. कशाची चरबी, ते डब्यावर लिहिलेलं नसतं आणि विचारायची सोय नाही.

"माझ्या स्वयंपाकघरात चरबी येणार नाही," गोदाने पहिल्याच दिवशी सांगितलं होतं.

"मग काय लावायचं?"

"तूप आहे की."

तर आमच्या गोळ्यांना घरचं लोणकढं तूप. थंडीत त्याने काही बिघडलं नव्हतं. आता चैत्र लागला होता.

ठाण्याहून सकाळच्या गाडीने निघालात तर बरं. खाडीवरच्या पुलावर वारा लागतो, मग डोंगराच्या पोटातले बोगदे येतात, आणि त्यात खिडकी उघडी ठेवलीत तर पांढरं धोतर कल्याणला करडं होऊन उतरतं. गोदाने बोगद्यात डोळे मिटून घेतले आणि मी काडतुसांचा डबा मांडीवर घट्ट धरून बसलो. डबा गरम लागत होता. उन्हाळ्यात सगळंच गरम लागतं म्हणून मी लक्ष दिलं नाही.

कल्याण स्टेशनवर शिपायाने परवाना तीनदा वाचला, एकदा उलटा धरून. मग विचारलं, "साहेब, वाघ?"

"कोल्हा."

त्याने परवाना परत दिला आणि मला साहेब म्हणायचं थांबवलं.

कल्याणात खानावळीत जेवून घ्या, पुढे काही मिळत नाही. आमटी पातळ असते पण भात वाढताना हात आखडत नाहीत. जेवून आम्ही मामांना औषध देणाऱ्या वैद्यांकडे गेलो. म्हातारे गृहस्थ, ओसरीवर खल घेऊन बसलेले. गोदाने विचारलं, मामा वाचतील का.

"जखम भरतेय," वैद्य म्हणाले. "पण जखमेवरून काही कळत नाही. चावणारं जनावर पिसाळलेलं होतं का, तेवढाच प्रश्न. तसं जनावर आठ-दहा दिवसांपलीकडे काढत नाही, आणि पाणी तर त्याला गिळवत नाही. तो कोल्हा कुठे आहे?"

"त्यालाच मारायला चाललोय," मी म्हणालो.

वैद्यांनी माझ्या बंदुकीकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं आणि पुन्हा बत्ता फिरवायला घेतला.

पुढे बैलगाडी. भाडं चार आणे. गाडीवान आठ सांगतो, तुम्ही नुसतं चालायला लागा. आमचा गाडीवान तिथलाच आगरी. बंदूक पाहून म्हणाला, "यी गारीत नको फोरू हां. माजं बैल बुजतान." मी म्हटलं, नाही उडवत. आंबिवलीपर्यंत तो दर थोड्या वेळाने मागे वळून खात्री करून घेत होता.

मामा अंगणात बाजेवर पाय लांब करून बसले होते. चेहरा उतरला होता, आवाज मात्र वर्गातला. आम्ही पाया पडलो तर म्हणाले, "या. वेळेवर आलात. घड्याळ कुणाला द्यायचं ते ठरतच नव्हतं."

"अहो, काय हे बोलणं!" मामी आतून म्हणाल्या.

घरात सगळ्यांचं लक्ष एकाच गोष्टीकडे होतं, मामांच्या तांब्याकडे. त्यांनी पाणी मागितलं की मामी दारात येऊन उभ्या राहत, शेजारीण कुंपणावरून डोकावे, गोठ्यातला गडी झाडू धरून थांबे. मामा एकेक घोट घेत आणि सगळे श्वास सोडत.

"जन्मभर शिकवलं, तेव्हा एवढं लक्ष कुणी दिलं नाही," मामा मला म्हणाले. मग आवाज खाली आणून, "पण खरं सांगू, जावईबापू? तांब्या हातात घेतला की माझेच हात कापतात. भीतीने की रोगाने, ते कसं कळणार?"

मी म्हटलं, आज संध्याकाळीच त्याचा निकाल लावतो.

दिवेलागणीच्या आधी मी वाळूत, वाळक्या पेंढ्याच्या आडोशाला जाऊन बसलो. मामांना घरीच बसवलं होतं. डबा उघडला तर काडतुसांवर मुंग्या. लाल, भरपूर, आणि अतिशय आनंदात. त्या झटकल्या, एक काडतूस पुसून बंदुकीत घातलं. तेवढ्यात वेलांच्या पलीकडे करडं काहीतरी हललं. कोल्हाच. मी नेम धरला, श्वास रोखला, चाप ओढला.

फुस्स.

आवाज साधारण भिजल्या फटाक्याचा झाला. थोडा धूर आला. कोल्ह्याने मान वर करून माझ्याकडे पाहिलं, त्याला फारसं काही वाटलेलं दिसलं नाही, आणि तो झुडपात निघून गेला. दुसरं काडतूस घालण्याची घाई मी केली नाही, तेवढी अक्कल होती. नळीतून पाहिलं तर पलीकडचं दिसेना. गोळी मध्येच अडकून बसली होती. तिच्यावर दुसरी झाडली असती, तर मामांच्या आधी मीच गेलो असतो.

घरी येऊन गजाने गोळी ठोकून काढली आणि काडतुसं उघडली. उन्हाने तूप वितळून चकतीच्या कडेने आत झिरपलं होतं. दारूचा नुसता काळा शिरा झाला होता.

गोदाने एक पुंगळी नाकाशी नेली. "तूप चांगलं होतं हो," ती म्हणाली. एवढं म्हणून तिने डोळ्यांना पदर लावला.

"लंगडत होता का?" मामांनी बाजेवरून विचारलं.

"अंधारलं होतं. नीट दिसलं नाही."

"हं," मामा म्हणाले आणि भिंतीकडे तोंड करून झोपले.

दुसरा दिवस पुंगळ्या धुण्यात गेला. गोदाने टोप्या काढून त्या राखेच्या पाण्यात उकळल्या आणि उन्हात वाळवल्या. मामींनी मधाच्या पोळ्याचं मेण जपून ठेवलं होतं, त्यात थेंबभर एरंडेल घालून नवं वंगण केलं. ते बोटाला कडक लागलं, म्हणजे उन्हात वितळणार नाही. सुकी दारू शिंगाच्या डबीत आणि नव्या टोप्या वेगळ्या आणल्या होत्या म्हणून निभावलं. बारीक रायफल घेऊन उन्हाळ्यात निघणाऱ्यांनी एवढं लक्षात ठेवावं: मेण. तूप भातावर.

एक काडतूस मी अंगणाबाहेर कलिंगडावर चालवून पाहिलं. खाड् असा कोरडा आवाज झाला आणि कलिंगड जागेवरून नाहीसं झालं. लाल गर माझ्या टोपीवर, कुंपणावर आणि शेजारणीच्या वाळत घातलेल्या लुगड्यावर.

"कोल्ह्याने खाल्लं असतं तर निदान कुणाच्या तरी पोटात गेलं असतं," मामा म्हणाले.

संध्याकाळी मामा हट्टाने बरोबर आले. "माझा कोल्हा मीच ओळखणार." काठी टेकत ते आडोशाला माझ्याशेजारी बसले. गोदाही आली, तिला कोणी नको म्हणायचं धाडस केलं नाही. अजून चांगला उजेड होता. नदीचं पाणी आटून वाळूच्या मधून बारीकशी धार राहिली होती.

तो आला. पुढचा डावा पाय अधांतरी धरून, तीन पायांवर झोकांड्या खात.

"तोच," मामा कुजबुजले. "मारलेलं तिथेच लागलंय."

मी बंदूक खांद्याला लावली. नळीच्या टोकाची नेम धरायची माशी त्याच्या खांद्यामागे नेमकी बसली होती. एवढा चांगला नेम मला पुन्हा मिळेल असं वाटत नाही. कोल्ह्याने एक कलिंगड हुंगलं, सोडलं, दुसरं हुंगलं, पिकलेलं नेमकं निवडून फोडलं आणि नीट बसून खाल्लं. मग उठून धारेकडे गेला.

माझं बोट चापावर होतं. मामांचा हात नळीवर आला आणि त्यांनी ती हळूच खाली दाबली.

"थांबा, जावईबापू."

कोल्हा पाण्यात तोंड घालून लपलप पीत होता. घाई नाही, थरथर नाही. मामा त्याच्याकडे टक लावून बघत होते.

"किती दिवस झाले गं, गोदे?"

"पंधरवडा उलटून गेला, मामा."

"जिवंत आहे," मामा म्हणाले. "पाणी पितोय. पिऊ दे. पोटभर पिऊ दे रे त्याला." आणि आमचे ते कडक मास्तर वाळूत बसून लहान मुलासारखे रडले. कोल्ह्याने मान वर केली, आम्हा तिघांना पाहिलं आणि पुन्हा पाण्यात तोंड घातलं. मी काडतूस काढून खिशात टाकलं.

तिसऱ्या दिवशी परतलो. कोल्हा मारलेला नाही हे गाडीवानाला फार लागलं. मामांनी तीन कलिंगडं दिली, त्यातलं एक बोगद्यात घरंगळून दुसऱ्याच्या पायाखाली गेलं. टेंभी नाक्यावर लोकांनी विचारलं, शिकार झाली का. मी म्हटलं, नाही झाली. पुढे कोणी काही विचारलं नाही.

या प्रवासातून काय मिळालं, असं मी पुष्कळदा स्वतःला विचारतो. आंबिवलीला बघायला काही नाही. नदी आहे, वाळू आहे, मुंग्या आहेत. एवढ्यासाठी तुम्ही जावं असं मी म्हणणार नाही.

वैशाखात मामा पेन्शन घ्यायला ठाण्याला आले. उन्हातून चालत आले होते. गोदाने गुळाचा खडा आणि तांब्याभर पाणी पुढे ठेवलं. त्यांनी तांब्या उचलला आणि आम्ही दोघंही नकळत त्यांच्या हाताकडे बघत उभे राहिलो. हात कापला नाही. सगळं पाणी त्यांनी वरून धार धरून एका दमात घशात ओतलं, तांब्या खाली ठेवला आणि मिशा पुसल्या.

"आणखी आहे का गं?"

गोदा तांब्या घेऊन आत गेली ती बाहेर येईना. जाऊन पाहिलं तर माठाला टेकून, पदर तोंडात धरून हुंदके देत होती. बाहेरून मामांचा वर्गातला आवाज आला, "अगं, पाणी आणतेस ना?"

मीच तांब्या भरून नेला. तोही त्यांनी संपवला.