चांदीची अर्धी जोडी

हॉटेलच्या तळघरातल्या लॉन्ड्रीत चादरींना इस्त्री करणारं एक लांबलचक मशीन आहे. एका बाजूने ओली चादर आत जाते, दुसऱ्या बाजूने तापलेली, सपाट होऊन बाहेर येते. ती ओढून घडी घालायचं काम आत्याचं. तिला तिथे सगळे आत्याच म्हणतात, कारण तिच्या बोलण्यात भावाच्या मुलीशिवाय दुसरं माणूस फारसं येत नाही. लग्न केलं नाही. पन्नाशी उलटून गेली. पायांच्या शिरा फुगल्यात, म्हणून ती जाड मोजे घालते आणि दुपारच्या सुट्टीत उलट्या बादलीवर पाय टाकून बसते.

भाची बारा वर्षांची झाली होती. ज्यू घरात या वयापासून धर्माच्या जबाबदाऱ्या मुलीच्या स्वतःच्या होतात, आईबापांच्या राहत नाहीत. त्याचा समारंभ, बात मित्झ्वा, पुढच्या रविवारी होता. सिनेगॉगमध्ये, म्हणजे ज्यूंच्या प्रार्थनाघरात, सगळ्यांसमोर भाची चार शब्द बोलणार, मग मागच्या हॉलमध्ये जेवण. आत्याने भेट अजून घेतली नव्हती. ती काय देणार, हे बाकीच्यांनी परस्पर ठरवून टाकलं होतं.

शुक्रवारी सूर्य मावळायच्या आधी ज्यू घरात दोन मेणबत्त्या लावतात. आठवड्याच्या विश्रांतीचा दिवस, शब्बाथ, तिथून सुरू होतो. आत्याच्या आईकडे या मेणबत्त्यांसाठी चांदीच्या दोन स्टँडची जोडी होती. आई गेल्यावर भाऊ म्हणाला, "ताई, तू ने." ताई म्हणाली, "तुझा संसार आहे, तू ने." दोघंही ऐकेनात. शेवटी एक त्याने नेला, एक तिने. भांडणातून नाही, एकमेकांचा मान राखायच्या नादात दोघांनी हा वेडेपणा केला. तेव्हापासून भावाच्या घरी एक मेणबत्ती चांदीत आणि एक काचेच्या पेल्यात लागते. आत्याकडे दुसरी मेणबत्ती उकडलेलं अंडं ठेवायच्या कपात असते.

भावाचा फोन आला. "ताई, आम्ही आमचा स्टँड तिला द्यायचं ठरवलंय."

"छान केलंत."

पलीकडे तो घुटमळला. "म्हणजे, जोडी पूर्ण होईल, असं आपलं ही म्हणत होती."

"म्हणू दे की," आत्या म्हणाली आणि मशीन सुरू झाल्याचं सांगून तिने फोन ठेवला. मशीन बंद होतं.

लॉन्ड्रीत धुण्याचे मोठे ड्रम सांभाळणाऱ्या माणसाला सगळे साबण म्हणतात. त्याने फोन ऐकला होताच, आणि स्टँडची गोष्ट त्याला आधीपासून ठाऊक होती.

"देऊन टाक गं. तू एकटा जीव. ठेवतेस कुणासाठी?"

"माझ्यासाठी."

"तसं नाही म्हणत मी."

"तसंच म्हणतोयस. जेव, डबा गार होतोय."

साबण वाईट बोलला नव्हता. तो सगळ्यांच्या मनातलं बोलला होता. शुक्रवारची संध्याकाळ आणि शनिवार मोकळा मिळावा म्हणून आत्या वर्षानुवर्षं इतरांच्या रविवारच्या आणि सणासुदीच्या पाळ्या करत आली आहे. घरी येते, अंघोळ करते, स्टँड फडक्याने पुसते, मेणबत्त्या लावते आणि मग दुसऱ्या दिवशी अंधार पडेपर्यंत कुणाची चादर बघत नाही. तिच्या घरात कुणी न सांगता, न चुकता होणारी ही एकच गोष्ट. स्टँड गेला तर मेणबत्त्या दोन कपांतही लागतील, हे तिला कळत होतं. पण तिला तो द्यायचा नव्हता, आणि द्यायचा नाही हे तोंडाने म्हणायची लाज वाटत होती.

म्हणून ती दुसरी भेट शोधायला निघाली. दुसरं काही भारी मिळालं, तर विषय आपोआप मिटेल असा तिचा हिशेब. सोनाराकडे सहा टोकांच्या चांदणीचं, म्हणजे ज्यूंच्या खुणेचं, लॉकेट होतं. भाचीकडे तसं एक होतंच. पुस्तकवाल्याने धर्माचा जाडजूड ग्रंथ काढला. तो हातात पेलेना. घड्याळवाल्या दुकानातल्या पोरीने विचारलं, "मुलगी कशी आहे? म्हणजे, आवड काय?"

"उंच आहे," आत्या म्हणाली. एवढंच सांगून ती दुकानाबाहेर पडली.

शेवटी ती एका चपलांच्या दुकानात शिरली आणि स्टुलावर टेकली.

"काय दाखवू, मावशी?"

"काही नको. जरा बसू दे."

बुधवारी भाची समारंभाचा ड्रेस घेऊन आत्याकडे आली. त्याच्या चुण्यांवर घरची इस्त्री नीट बसत नव्हती. आत्याने टेबलावर चादर अंथरली. भाची खुर्चीवर पाय घेऊन बसली.

"आत्या, तू मला तो स्टँड देणारेस ना?"

"कोण म्हणालं?"

"आई. बाबा. मोठी मामी. सिनेगॉगमध्ये शिकवणाऱ्या बाईसुद्धा."

"तुला हवाय?"

भाचीने खांदे उडवले. "आई म्हणते, दोन्ही कागदात गुंडाळून कपाटात ठेवायचे. माझं लग्न होईपर्यंत."

आत्याने इस्त्री उभी केली. "आणि शुक्रवारी?"

"पेल्यांत लावणार. चांदी घासायचा आईला कंटाळा येतो."

आत्याने पुन्हा इस्त्री उचलली. मग म्हणाली, "ते जाऊ दे. तुला स्वतःला काय हवंय?"

"खरं सांगू? हसायचं नाही हं. कुलपाची पेटी. तो धाकटा छोटू माझं सगळं उचकतो आणि आई सगळं वाचते."

"असं काय लिहितेस?"

"बघ, तू पण लागलीस विचारायला!"

गुरुवारी कामावरून सुटल्यावर आत्याने हार्डवेअरच्या दुकानातून पत्र्याची पेटी घेतली. निळी, मजबूत, दिसायला अगदीच सुमार. दुकानदार म्हणाला, एक किल्ली जपून दुसरीकडे ठेवा. तिने दोन्ही पेटीतच टाकल्या.

रविवारी भाची न अडखळता बोलली. जेवणानंतर वहिनीने आत्याच्या भेटीवरचा कागद स्वतः सोडला. पेटी बघून ती आधी हसली, मग आत अजून काही आहे का ते बघू लागली. भाचीने तिच्या हातून पेटी काढून घेतली आणि किल्ल्या मुठीत धरल्या.

"वा," वहिनी म्हणाली. "उपयोगी आहे हो."

समारंभ संपल्यावर भाऊ नेहमीसारखा ताईला गाडीने सोडायला निघाला. 

"सगळे वाट बघत होते, ताई."

"माहितीये. मी नाही देणार."

"आम्ही काय मागितला का तुझ्याकडे?"

"नाही ना? मग झालं तर."

"आई असती तर काय म्हणाली असती?"

"तुमचा घासून ठेवा म्हणाली असती. काळा पडलाय."

त्याला हसू फुटलं. त्याने ते दाबलं. पुढच्या सिग्नलला म्हणाला, "मी हिला काय सांगू?"

"ताई नाही म्हणाली, एवढंच सांग. कारणं नको काढत बसू."

घरापाशी त्याने गाडी थांबवली. वर येऊ का, असं विचारलं नाही. पाय सुजून बुटात घट्ट बसले होते, म्हणून आत्या दाराला धरून सावकाश उतरली. वहिनी हा विषय पुन्हा काढणार, हे दोघांनाही ठाऊक होतं. सकाळी सहाची पाळी होती. ती जिन्याकडे वळली.