घोडीचं गुंगीचं औषध
१९९८ साल, मी पन्नाशीचा. हडपसरला कंपन्यांच्या इमारती उठत होत्या आणि मी वरातीची घोडी पाळायचो. फटाक्यांना बिचकू नये म्हणून जनावरांचे डॉक्टर तिच्यासाठी गुंगीच्या औषधाची बाटली देऊन ठेवायचे. एका दुपारी नाक्यावरच्या टपरीतून गर्दच्या पुड्या विकणारा लिदीच्या वासाला नाक दाबत तबेल्यात आला. म्हणाला, "काका, ती बाटली द्या की. गर्दात मिसळली की माल वाढतो." मी म्हटलं, "अरे, यानं घोडी उभ्या उभ्या मान खाली सोडून पेंगते. पोरांचा श्वास थांबेल!" "मग दुसरीकडून आणतो. पण तोंड उघडलंत तर तबेला पेटेल." म्हटलं, "काडेपेटी देऊ का?" दुसऱ्या दिवशी सकाळीच घोडी घेऊन त्याच्या टपरीसमोर उभा राहिलो आणि येईल त्या पोराला ओरडून सांगत सुटलो, "माघारी फिर रे, हा गर्दात जनावराचं औषध घालतोय, मरशील!"