मोबाईल मंद झाला होता तेव्हा

माझा मोबाईल मंद झालाय, असं मी एक अख्खा उन्हाळा धरून चाललो होतो. मंद झाला होता माझा उजवा अंगठा. आता हे एका ओळीत लिहून मोकळा झालो, पण तेव्हा एवढं कळायच्या आधी मी घरातले सगळे मोबाईल उलटेपालटे केले आणि घरातल्या सगळ्यांची डोकी खाल्ली.

मी भिंगारला राहतो. लष्करी छावणीतल्या एका ऑफिसात कारकुनी करतो, ती पोटापुरती. जीव रमतो तो मोबाईलच्या आतड्यांत. लोक नवा मोबाईल कव्हर घालून जपतात; मी पहिल्याच आठवड्यात त्यातलं कंपनीचं सॉफ्टवेअर काढून माझ्या पसंतीचं दुसरं टाकतो. या नादात दोन मोबाईल कायमचे गेले, पण हौसेला मोल नसतं. गल्लीत कुणाचा मोबाईल हँग झाला की माझं दार वाजतं आणि मीही हातातला घास टाकून उठतो. बायको म्हणते, घरात माणूस तापाने फणफणला तरी यांना पत्ता नसतो, मोबाईलला साधी शिंक आली तरी बरोब्बर कळतं. तिचं म्हणणं खोटं नाही. यंत्राला काय झालंय ते शोधून काढता येतं, यावर माझा देवापेक्षा जास्त विश्वास होता.

संध्याकाळी मात्र मी काही उघडत-जोडत बसत नाही. संध्याकाळी क्रिकेट, मोबाईलवरचं. माझा मेहुणा पारनेरजवळच्या त्याच्या गावी शेती बघतो, गायी सांभाळतो. डेअरीला दूध घालून आला की तो तिकडून, मी इकडून. एकाने चेंडू टाकायचा, दुसऱ्याने मारायचा, आणि खेळताखेळता बोलणं चालूच. चेंडू टप्पा पडून वर आला की नेमक्या क्षणी अंगठा टेकवायचा. जमलं तर पडद्यावर हिरव्या अक्षरांत ‘परफेक्ट’, नाहीतर लाल अक्षरांत ‘अर्ली’ किंवा ‘लेट’. सगळा खेळ त्या एका क्षणाचा, आणि त्या क्षणावर माझी हुकमत होती. मेहुणा माझ्यापेक्षा दहा वर्षांनी लहान, अंगाने दुप्पट, आणि मला हरवायला तरसलेला. तो हरला की मला म्हातारा म्हणायचा, मी हरलो की त्याहून वाईट काहीतरी. सख्ख्या बहिणीचा नवरा म्हणून ठेवायचा मान त्याने लग्नाच्या पंगतीतच खर्चून टाकला होता. मला तेच आवडायचं. बाकी सगळे माझ्याशी मोजूनमापून बोलतात; हातचं काही न राखता बोलणारा तो एकटाच.

मग ‘लेट’ यायला लागलं. आधी अधूनमधून, मग चेंडूमागून चेंडू. मी लगेच निदान केलं: नुकतंच आलेलं अपडेट. ते काढून जुनं सॉफ्टवेअर टाकलं. लेट. स्क्रीन गार्ड उपटून फेकला, मागे चालणारी सगळी ॲप्स बंद केली, बॅटरी बदलली. टचची संवेदनशीलता इतकी वाढवली की मोबाईल खिशातल्या खिशात लोकांना फोन लावायला लागला. तरी लेट. मेहुणा तिकडे खुशीत होता. रोज जिंकायचा आणि रोज मला माझं वय सांगायचा. मी त्याला टच कसं काम करतं ते समजावून सांगायला गेलो, तर त्याने मध्येच तोडलं.

“नाचता येईना अंगण वाकडं, दाजी,” तो म्हणाला. “मोबाईलला काय बी झालं न्हाई. तुमीच लेट झालाय.”

मी हसलो. तोही हसला. त्या बिचाऱ्याला काय माहीत.

मग मी बायकोच्या मोबाईलवर खेळलो, मुलीच्या मोबाईलवर खेळलो. सगळीकडे तेच. दुसऱ्या कुणाला एवढ्यावर कळलं असतं. तीन विहिरींचं पाणी कडू लागलं तर माणूस आपली जीभ बघतो. मी मात्र गेमवर घसरलो. गेम बनवणाऱ्यांनीच नव्या आवृत्तीत घोळ घातलाय असं ठरवून मी त्यांना एकच तारा दिला आणि खाली भलीमोठी तक्रार लिहिली. ती टाइप करताना भलतीच अक्षरं उमटत होती, एकेक अक्षर दोनदोनदा येत होतं, तर तो राग मी कीबोर्डवर काढला. दुसऱ्या दिवशी कंपनीचं ठोकळेबाज उत्तर आलं, आपल्याला झालेल्या त्रासाबद्दल आम्ही दिलगीर आहोत.

शेवटी म्हटलं, घोडं कुठे पेंड खातंय ते डोळ्यांनीच बघू. मुलगी कॉलेजला आहे, तिच्या मोबाईलमध्ये स्लो मोशनचा व्हिडिओ चांगला निघतो. रविवारी दुपारी स्वयंपाकघरातले दोन डबे एकावर एक ठेवून त्यांना तो टेकवला आणि माझा मोबाईल व हात दोन्ही त्यात दिसतील असं बघितलं. कल्पना सोपी होती. अंगठा काचेला कधी टेकला आणि पडद्यावरची बॅट कधी हलली, यातलं अंतर बघायचं. ते जास्त निघालं की मोबाईल दोषी. तुलनेसाठी आधी मुलगी खेळली, मग मी. तिला क्रिकेटमधलं ओ की ठो कळत नाही, चेंडू आला की ती दाबायची एवढंच.

मग तो व्हिडिओ मी सावकाश पुढे सरकवत बघितला. मुलीचा अंगठा टेकला, बॅट हलली. माझा अंगठा टेकला, बॅट हलली. अंतर दोघांचं सारखं. मोबाईल अगदी चोख काम करत होता. पण माझा अंगठा टेकेपर्यंत चेंडू बॅट ओलांडून गेलेला होता. मी मागे नेऊन पुन्हा बघितलं. चेंडू टप्पा पडून वर येतो, मुलीचा अंगठा त्याच वेळी खाली निघतो. माझा नुसता वर अधांतरी राहतो, हाक ऐकूनही न उठणाऱ्या माणसासारखा. मग बारीक थरथरतो आणि जड होऊन खाली येतो. मला तर मी वेळेवरच दाबलंय असं वाटलं होतं. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हे. मला भीती वाटली, सरळ भीती. मुलगी शेजारी उभी राहून तेच बघतेय हेसुद्धा माझ्या नंतर लक्षात आलं.

“पप्पा, हे गेमचं नाहीये,” ती म्हणाली.

बायकोला तिनेच सांगितलं. बायको व्हिडिओ न बघताच खाली बसली. मग एकेक बाहेर निघालं. चालताना माझा उजवा हात हलत नाही, अंगाला चिकटून राहतो, हे तिने दिवाळीतच पाहिलं होतं. शर्टाची बटणं लावायला मला वेळ लागतो हे मुलीला ठाऊक होतं. ऑफिसात साहेबांनी एकदा विचारलं होतं, हल्ली इतकं बारीक का लिहिता, ते मला आठवलं. प्रत्येकाकडे एकेक तुकडा होता आणि प्रत्येकाने त्याला वय, थकवा, मोबाईलचं वेड असं काहीतरी नाव देऊन तो बाजूला ठेवला होता.

सावेडीतल्या मेंदूविकाराच्या डॉक्टरांनी मला अंगठा आणि तर्जनी भराभर जुळवायला आणि उघडायला सांगितलं. डावा हात टकाटक चालला. उजवा सुरुवातीला बरा, मग आखडत आखडत थांबलाच. मी त्यांना व्हिडिओ दाखवला. त्यांनी तो पुन्हा लावून बघितला आणि हा कंपवात आहे, पार्किन्सन्स, असं सांगितलं. गोळ्यांनी बरीच वर्षं चांगली जातात, घाबरू नका, असंही म्हणाले. मी विचारलं, पहिल्यासारखं होईल का. आयुष्यभर प्रत्येक बिघाडावर माझा तोच तर इलाज होता, जुनं परत टाकायचं.

“नाही,” ते म्हणाले. “पुढे जाणं सावकाश करता येतं. मागे नेता येत नाही.”

घरी येताना रिक्षात बायकोने माझा उजवा हात धरून ठेवला होता. मी तिला एकच गोष्ट बजावली, भावाला सांगायचं नाही. ऑफिसात आज ना उद्या कळणारच. गल्लीतले लोकही मोबाईल हातात द्यायच्या आधी माझ्या हाताकडे बघतील. पण दिवसातली ती खेळाची एक घटका मला धडधाकट माणसासारखी हवी होती. मला वाटेल ते बोलणारं कुणीतरी उरायला हवं होतं. ती बरं म्हणाली.

गोळ्या सुरू झाल्या. मळमळायचं, दुपारी पेंग यायची, पण हात जरा सुटला. संध्याकाळचा खेळ मी काहीबाही सांगून टाळत होतो, तो पुन्हा सुरू केला. आणि ‘परफेक्ट’ आलं. मग परत आलं. मी जिंकलो. दुसऱ्या दिवशीही जिंकलो. खोटं कशाला सांगू, मी बायकोला हातातलं काम टाकून यायला लावलं आणि ती हिरवी अक्षरं दाखवली. डॉक्टरांना काय कळतंय, इथपर्यंत माझी मजल गेली.

असाच एकदा मी मेहुण्याला लागोपाठ दोन षटकार ठोकले. तिकडून आवाज आला, “लई भारी, दाजी.”

मी थांबलो. इतक्या वर्षांत माझ्या षटकारावर तो, म्हाताऱ्याचं नशीब, याखेरीज काही बोलला नव्हता. मी त्याने टाकलेले चेंडू आठवायला लागलो. यॉर्कर हे त्याचं हत्यार. तो कितीतरी दिवसांत आलाच नव्हता. सगळे फुलटॉस, हळू, लहान पोराला टाकावेत तसे. मला म्हातारा म्हणायचंही त्याने बंद केलं होतं. बायको दारात उभी होती. मी तिच्याकडे बघितलं, तर तिने मान खाली घातली.

मला तिचा राग आला नाही. त्याचा आला.

“नीट टाक,” मी म्हणालो.

“नीटच टाकतोय की, दाजी.”

“यॉर्कर टाक. तुझा नेहमीचा.”

मग चेंडू आला, सरळ बुंध्यात, त्याचा जुना. मी माझ्या मते अगदी वेळेवर अंगठा टेकवला. तिन्ही दांड्या उडाल्या आणि पडद्यावर लाल अक्षरं आली. एरवी एवढ्यावर तो पोट धरून हसला असता, बहिणीला फोनवर बोलावून सांगितलं असतं. मी त्या हसण्याची वाट बघत राहिलो.

“लाइट गेली, दाजी,” तो म्हणाला. “उद्या खेळू.”

त्याच्या मागे विजेवर चालणारी, गायींचा चारा कापायची कडबाकुट्टी धडधडत होती. मी म्हटलं, बरं, उद्या खेळू.